बंटीचा एसओपी त्यानेच लिहावा

मेलबर्न,
12 ऑगस्ट 2025

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,

साष्टांग नमस्कार.

बाबा, बंटीच्या एसओपीचा, म्हणजे येथे शिकायला येण्याचा हेतू सांगणाऱ्या निवेदनाचा, तुम्ही लिहून पाठवलेला मसुदा मिळाला आणि मी तो शांतपणे वाचला. फोनवर बोलू लागलो की आई स्वयंपाकघरातून मधेच काहीतरी विचारते, बंटी फोन घेऊन गच्चीवर जातो आणि मूळ गोष्ट राहूनच जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. प्रिंट काढून तुम्ही दोघांनी वाचावे आणि नंतर बंटीच्या हाती द्यावे. माझी प्रकृती उत्तम आहे. येथे हिवाळा असला तरी आई समजते तसा बर्फ शहरात पडत नाही, जेवण वेळेवर होते आणि रात्री उशिरा मी एकटी फिरत नाही, हे तिच्या समाधानासाठी लेखी देत आहे.

सर्वांत आधी एक गोंधळ दूर करायला हवा. विद्यापीठाला द्यायचे निवेदन वेगळे आणि व्हिसाच्या अर्जातली उत्तरे वेगळी. माझ्या वेळी जीटीई नावाची अट होती, म्हणजे आपण तात्पुरतेच येत आहोत हे पटवून देणारे एक सलग निवेदन अर्जाला जोडावे लागे. ती अट 23 मार्च 2024 पासून गेली आणि तिच्या जागी ‘जेन्युइन स्टुडंट’, म्हणजे खरोखर शिकायलाच येणारा विद्यार्थी, ही अट आली. आता अर्जातच चार प्रश्न विचारतात: घर, समाज, नोकरी आणि पैसा यांबाबत तुमची सध्याची स्थिती काय; हाच अभ्यासक्रम, याच संस्थेत आणि याच देशात का; त्याचा तुम्हाला उपयोग काय; आणि आणखी काही सांगायचे आहे का. प्रत्येक उत्तर इंग्रजीत आणि जास्तीत जास्त 150 शब्दांत द्यायचे असते. बाबा, रागावू नका, पण तुमच्या मसुद्यात आजोबांच्या ताम्रपटापर्यंत पोचायलाच 150 शब्द संपतात.

तुम्ही पाटबंधारे खात्यात आयुष्यभर टिपणे लिहिलीत आणि तुमचे इंग्रजी माझ्यापेक्षा शुद्ध आहे, यात वादच नाही. तरीही आदरणीय महोदयांना विनम्रपणे विनंती करून अर्ज मंजूर होत नाही, कारण अधिकाऱ्यापुढे ठरलेले मुद्दे असतात आणि प्रत्येक मुद्द्याला पुरावा जोडलेला आहे का एवढेच तो पाहतो. सीताबर्डीच्या कन्सल्टन्सीने दिलेला नमुना तर याहूनही निरुपयोगी आहे. नागपूर हे भारताचे मध्यवर्ती शहर, तेथे झिरो माईलचा दगड, त्यामुळे लहानपणापासूनच मला मालवाहतुकीची ओढ, असे त्यात लिहिले आहे. बंटीला लहानपणी कशाची ओढ होती हे आपल्या सर्वांना माहीत आहे, आणि त्यात मालवाहतूक नव्हती. हाच नमुना त्या ऑफिसातून आणखी किती मुलांच्या अर्जांना लागला असेल कोण जाणे.

त्याच्याजवळ सांगण्यासारखे खरे पुष्कळ आहे, ते त्याने लिहावे. बुटीबोरीच्या गोदामात डिस्पॅच सांभाळताना ट्रक फाटकाबाहेर का खोळंबतात, कागद तयार असूनही माल का निघत नाही, महिनाअखेरीला साठ्याचा हिशेब का जुळत नाही, हे तो जेवताना तावातावाने सांगत असे. दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच आहे. उरलेल्या निम्म्यात अभ्यासक्रमातले नेमके कोणते विषय या अडचणींशी जुळतात ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहून त्याने लिहावे, आणि भारतातले असेच अभ्यासक्रम पाहूनही हा का निवडला तेही एका वाक्यात सांगावे. तिसऱ्या प्रश्नात नागपूर आपोआप येईल. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा याच 5 जूनला खुला झाल्याने 701 किलोमीटरचा मुंबईपर्यंतचा रस्ता आता पूर्ण झाला आहे, विमानतळाजवळचा मालवाहतुकीचा आणि उद्योगांचा मिहान प्रकल्प आहे, अजनीचा कंटेनर डेपो आहे. तेव्हा शिकून आल्यावर कोणत्या प्रकारच्या कामावर आणि साधारण किती पगारावर आपण लागू शकतो, हे तो पाठ न करता सांगू शकेल. विद्यापीठ बऱ्याचदा व्हिडिओवर मुलाखत घेते आणि व्हिसा अधिकारीही फोन करू शकतो. दुसऱ्याने लिहून दिलेले त्या वेळी आठवत नाही.

आता एमपीएससीच्या दोन वर्षांविषयी. बंटीला त्यांची लाज वाटते हे मला त्याच्या बोलण्यातून कळते, आणि कन्सल्टन्सीवाल्याने हिंगण्याच्या कोणत्यातरी फर्मचे अनुभवपत्र ‘मॅनेज’ करून देतो असे सांगितले आहे हेही आईकडून कळले. बाबा, हे होऊ देऊ नका. येथील कायद्यात 4020 क्रमांकाचा एक निकष आहे. त्याखाली खोटा कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती सापडली तर अर्ज तर जातोच, शिवाय पुढची तीन वर्षे बहुतेक व्हिसांची दारे बंद होतात. परीक्षेची तयारी केली आणि निवड झाली नाही, हा काही गुन्हा नाही. कोणत्या वर्षी कोणती परीक्षा दिली आणि त्यानंतर नोकरी कधी लागली, एवढे दोन ओळींत लिहून प्रवेशपत्रे जोडली की पुरे. आपल्या गल्लीत जे सगळ्यांना ठाऊक आहे ते मेलबर्नपासून लपवण्यात काय अर्थ आहे?

कागदांचा विषय निघालाच आहे तर येथील एक पद्धत सांगते. तुम्हाला ती थट्टा वाटेल, पण शब्द न् शब्द खरी आहे. बंटीच्या राहण्याची सोय माझ्याकडे होणार आहे, असे मी लिहून देणार होते. आपल्याकडे प्रतिज्ञापत्र म्हटले की मुद्रांक विक्रेता, झाडाखालचा टंकलेखक, नोटरी आणि त्याचा लाल शिक्का, असा अर्धा दिवस जातो. येथे ‘स्टॅट्युटरी डिक्लरेशन’ नावाचा साधा फॉर्म असतो, त्याला मुद्रांक लागत नाही, आणि साक्षीदार म्हणून सही कोण करू शकतो याची जी मोठी यादी सरकारने दिली आहे तिच्यात परिचारिका, दंतवैद्य, शिक्षक, गुरांचा डॉक्टर आणि औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट हे सारे बसतात. हो, औषधाच्या दुकानातला. मी आमच्या स्टेशनजवळच्या दुकानात गेले तेव्हा तेथील बाई एका आजोबांना खोकल्याचे औषध कसे घ्यायचे ते समजावत होत्या. त्यांचे झाल्यावर त्यांनी माझा पासपोर्ट पाहिला, लिहिलेले माझेच आहे आणि खरे आहे ना असे विचारले, माझी सही समोर करून घेतली, खाली आपले नाव, व्यवसाय आणि पत्ता लिहून सही केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. पैसे घेतले नाहीत. आत काय लिहिले आहे ते वाचलेही नाही, कारण ते त्यांचे कामच नव्हे. झेरॉक्सवर ‘मूळ प्रतीबरहुकूम’ अशी सहीसुद्धा येथे त्याच करून देतात. मला सुरुवातीला वाटले होते की इतक्या सहज झालेल्या कागदाला किंमत कसली. पण त्याच फॉर्मवर छापलेले असते की जाणूनबुजून खोटे लिहिल्यास चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी तुम्ही मला स्कूटरवर बसवून किती कचेऱ्या हिंडवलेत ते आठवून मी त्या दुकानाबाहेर एकटीच हसत उभी होते. तुम्ही पाचशेचा मुद्रांक आधीच आणून ठेवला आहे असे बंटी म्हणाला. तो वाया जाणार नाही; बंटीचा खर्च तुम्ही उचलणार असल्याचे प्रतिज्ञापत्र त्यावर करता येईल.

ऑस्ट्रेलियाने दारे बंद केली अशी बातमी वाचून तुम्ही घाबरलात, पण ती तशी नाही. यंदा नव्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी 2 लाख 70 हजारांचे नियोजन आहे आणि 2026 साठी तो आकडा 2 लाख 95 हजार केल्याचे याच महिन्यात जाहीर झाले. महाग मात्र झाले आहे. व्हिसाची फी 1 जुलैपासून 2,000 ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, म्हणजे लाखाच्या वर, आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. म्हणूनच मी एकेका शब्दासाठी एवढी हटून बसले आहे. याखेरीज पहिल्या वर्षाची शिकवणी फी आणि प्रवासखर्च, शिवाय राहण्याखाण्यासाठी वेगळे 29,710 डॉलर दाखवावे लागतात. आजच्या भावाने हे राहण्याखाण्याचेच सोळा-सतरा लाखांच्या आसपास जातात. काटोलच्या शेताचा सातबारा आणि त्याचे इंग्रजी भाषांतर जरूर जोडा, कारण गावाशी असलेला संबंध त्यातून दिसतो. पण शेत म्हणजे हाताशी असलेली रक्कम असे अधिकारी धरत नाही. त्यासाठी बँकेतला पैसा किंवा मंजूर झालेले कर्जच हवे.

आई, तू विचारलेस की बंटीलाही ‘मी परत येईन’ असे लिहून द्यावे लागेल का. आता तसे थेट लिहून घेत नाहीत. घराशी काय नाते आहे ते विचारतात, परंतु शिकून झाल्यावर काही मुले येथेच राहतील हे नव्या अटीत सरकारने स्वतःच गृहीत धरले आहे. हे वाचून तुला बरे वाटणार नाही याची मला कल्पना आहे.

माझ्या 2022 च्या निवेदनात मी नाग नदीविषयी लिहिले होते, सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचे शिक्षण घेऊन नागपुरातच काम करायचे आहे, नीरीसारखी पर्यावरण संशोधनाची संस्था आपल्या गावात आहे, आणि आईवडील तेथे आहेत, असे सगळे त्यात होते. ते खोटे नव्हते. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या व्यापार करारामुळे आपल्याकडच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर तीन वर्षे काम करण्याची मुभा मिळते, ती मी नियमानुसार घेतली, आणि अनुभवाशिवाय परतले असते तर कर्जाचा हप्ता कोणी भरला असता हाही प्रश्न होताच. तुम्ही दोघांनी याविषयी मला कधी एका शब्दानेही विचारले नाही, म्हणून मीच लिहिते. त्या निवेदनाची प्रत माझ्याजवळ आहे. बंटीसाठी काही उपयोगी सापडेल म्हणून ती काढली आणि त्यातले काहीही त्याला पाठवले नाही. ‘ताई, तूच लिहून दे’ असे तो रोज म्हणतो. मी लिहिले तर त्यात माझीच वाक्ये उतरतील, आणि ती वाक्ये पुन्हा लिहायला माझा हात धजत नाही. त्याने लिहावे, मी व्याकरण तपासून देईन.

आता पैशाचे. शेत विकायचे नाही, हे माझे ठाम मत आहे. घर माझ्या कर्जासाठी आधीच तारण असल्याने बंटीच्या कर्जाला दुसरे तारण कोठून आणायचे, ही तुमची अडचण मी समजते. म्हणून असे ठरवले आहे की माझ्या खात्यातली बचत त्याच्या नावे दाखवायची. त्यासाठी आमच्या नात्याचे आणि पैसा पगारातून साठल्याचे पुरावे लागतील, ते मी तयार करत आहे. तुमच्या एफडीची प्रमाणपत्रे आणि पेन्शनचे खातेउतारे रंगीत स्कॅन करून पाठवा. ही बचत अर्जाचा निकाल लागेपर्यंत हलवता येणार नाही, त्यामुळे दिवाळीला येण्याचे यंदा जमणार नाही. आईला तुम्हीच सांगा, मी फोनवर सांगितले तर ती ‘बरं’ म्हणेल आणि फोन ठेवून देईल.

अमरावतीच्या स्थळाविषयी मी टाळाटाळ करते असे मावशी म्हणते, ते खरे नाही. मुलगा चांगला वाटला. पण त्यांच्याकडून दोनदा विचारणा झाली की मुलगी परत कधी येणार, तेव्हा ‘लवकरच’ असे मोघम सांगू नका; व्हिसा 2028 पर्यंत आहे असे स्पष्ट सांगा आणि त्यानंतरही त्यांची तयारी असेल तर मी मुलाशी बोलेन. आणखी एक, माझ्या ऑफिसने पुढच्या व्हिसासाठी मला प्रायोजित करण्याची तयारी दाखवली आहे. मी अजून होकार दिलेला नाही, तुमच्याशी बोलल्याशिवाय देणारही नाही. पण हे अमरावतीला आत्ताच कळवायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

बंटीने चारही उत्तरे लिहून शनिवारपर्यंत मेल करावीत. रविवारी तुमच्याकडे दुपारचे साडेतीन वाजतील तेव्हा मी फोन करते, त्या वेळी त्याला गच्चीवर जाऊ देऊ नका.

तुमची लेक

ता. क. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून झाला असेल तर त्याचा फोटो पाठवा. त्यासाठीचे पैसे या महिन्याच्या हप्त्याबरोबरच पाठवले आहेत, ते बंटीच्या फीमध्ये घालू नका.