निवड यादीचे गणित जाहिरातीतच मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पाठोपाठ कोर्टकचेरीच्या बातम्या येऊ लागतात आणि आरक्षण असावे की नसावे यावर वाद झडतात. माझी सारी नोकरी पोलीस खात्याच्या आस्थापना शाखेत झाली. भरतीच्या याद्या कशा लागतात ते मी जवळून पाहिले आहे. मॅटची, म्हणजे सरकारी नोकरीचे तंटे ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची, पायरी चढणाऱ्या बहुतेक मुलामुलींची आरक्षणाविरुद्ध तक्रारच नसते. माझ्यापेक्षा कमी गुणांचा उमेदवार यादीत आहे, मग मी का नाही, एवढेच ते विचारतात. भरती घेणाऱ्या कार्यालयाकडे या प्रश्नाचे लेखी उत्तर तयार नसते, आणि तिथून खटला उभा राहतो.

आपल्या राज्यात अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त, विशेष मागास आणि ओबीसी मिळून ५२ टक्के, त्यावर आर्थिक दुर्बल घटकांचे १० आणि २०२४ च्या कायद्याने आलेले एसईबीसीचे, म्हणजे मराठा समाजाचे, १० टक्के. हे झाले सामाजिक आरक्षण. यातल्या प्रत्येक रकान्याच्या आत पुन्हा महिला, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, माजी सैनिक, अंशकालीन पदवीधर, पोलीस पाल्य, गृहरक्षक, अनाथ असे समांतर आरक्षण. शिपाई भरतीत प्रत्येक जिल्हा आणि प्रत्येक आयुक्तालय हा स्वतंत्र घटक. म्हणजे हे सगळे रकाने प्रत्येक कार्यालयाने आपापले भरायचे. शे-दीडशे जागांच्या घटकात एकेका रकान्यात एखादीच जागा उरते, आणि त्या एका जागेवर कुणाचे तरी आयुष्य अडकलेले असते.

वाद नेमका कुठे होतो ते उदाहरणाने सांगतो. समजा खुल्या २० जागा आहेत. त्यात महिलांच्या ३० टक्के, म्हणजे ६. आधी जात न बघता गुणानुक्रमे पहिले २० जण घ्यायचे. त्यात ४ मुली आपल्या गुणांवर आल्या, तर २ कमी पडल्या. मग तळाचे दोन पुरुष बाहेर आणि पुढच्या दोन मुली आत. इथपर्यंत कुणाचे दुमत नाही. पण त्या पुढच्या दोन मुली कोणत्या? गुणांच्या क्रमाने पुढच्या दोघी ओबीसी किंवा अनुसूचित जातीच्या असतील तर त्यांना घ्यायचे, की त्यांना ओलांडून बिगरमागास मुलींपर्यंत खाली जायचे? १३ ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकाचा अर्थ लावताना मागासवर्गीय मुलींना बाजूला ठेवले जाई. १९ डिसेंबर २०१८ ला शासनाने शुद्धिपत्रक काढून खुल्या जागांच्या समांतर आरक्षणात मागासवर्गीयही येतात, असे स्पष्ट केले.

याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०२० चा निकाल आहे, आणि तो पोलीस भरतीचाच आहे. उत्तर प्रदेशात २०१३ साली शिपाई भरती निघाली होती. ओबीसी प्रवर्गातल्या एका मुलीला २७६.५९ गुण होते, तर खुल्या प्रवर्गातून निवडलेल्या शेवटच्या मुलीला २७४.८३. जास्त गुणांची बाहेर, कमी गुणांची आत. न्यायालयाने सांगितले की खुला प्रवर्ग हा कुणा एका वर्गाचा राखीव कोटा नाही, तो गुणवत्तेवर सर्वांना खुला आहे. आधी नेमलेल्या मुलींना धक्का न लावता जास्त गुणांच्या ओबीसी मुलींना नोकरी देण्याचा आदेश झाला. निकाल अगदी न्याय्य आहे. पण भरती २०१३ ची आणि निकाल २०२० चा. ज्या वयात धावायचे, गोळा फेकायचा, प्रशिक्षण केंद्रात परेड करायची, ती सात वर्षे गेली.

आपल्याकडेही वय हीच खरी अडचण आहे. खुल्या वर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ ही मर्यादा. २०१९ मध्ये ज्या भरतीचे अर्ज भरून घेतले, तिची लेखी परीक्षा व्हायला २०२१ उजाडले. मधल्या काळात करोना होता हे खरे. पण ९ सप्टेंबर २०२० ला मराठा आरक्षणाला स्थगिती आणि ५ मे २०२१ ला ते देणारा कायदाच रद्द, या घडामोडींत कुणाचा अर्ज कोणत्या प्रवर्गात धरायचा हेही पोरांना कळेना. आता २०२४ चा नवा कायदाही उच्च न्यायालयात आव्हानाला सामोरा जातो आहे. २०२४ च्या १७,४७१ जागांची भरती त्याच्या छायेतच झाली. त्या आरक्षणातून निवड झालेल्या मुलाला, तुझी नेमणूक न्यायालयाच्या निर्णयाच्या अधीन आहे, असे बजावले जाते. आई-वडील पेढे वाटतात आणि मुलगा ती ओळ पुन्हा पुन्हा वाचतो. कायदा टिकेल की नाही ते न्यायालय ठरवील. नाहीच टिकला तर या मुलांचे काय, याचे उत्तर मात्र सरकारने आजच तयार ठेवायला हवे.

ही भीती मनाची नाही. २०१८ साली नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण पुरे केलेल्या १५४ फौजदारांवर, पदोन्नतीतील आरक्षणाच्या वादात मॅटच्या आदेशामुळे मूळ पदावर परतण्याची वेळ आली होती. दीक्षांत संचलन झाले, घरच्यांनी खांद्यावरचे तारे पाहिले, आणि पाठोपाठ हा आदेश. नंतर सरकारला मार्ग काढावा लागला. तो मार्ग प्रशिक्षणाला पाठवण्यापूर्वी काढता आला नसता का? तृतीयपंथीयांचेही तेच. २०२२ च्या भरतीत त्यांच्यासाठी अर्जात रकानाच नव्हता. उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर नियम करण्याची धावपळ झाली.

प्रमाणपत्रांच्या तारखांवरून होणारे वाद तर सहज टाळता येण्यासारखे आहेत. नॉन-क्रिमिलेयर (उन्नत गटात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्र कोणत्या आर्थिक वर्षाचे चालेल, जात वैधतेसाठी केलेल्या अर्जाची पोच चालेल की नाही, खेळाडूचे प्रमाणपत्र पडताळलेले कोणत्या दिवसापर्यंत हवे, यावर एका घटकात एक उत्तर आणि शेजारच्या घटकात दुसरे, असे व्हायला नको. खुल्या गटातील महिलांसाठी नॉन-क्रिमिलेयरची अट ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने काढली, हेही पडताळणीच्या टेबलावर मुलींना स्वतःच सांगावे लागले तर ती व्यवस्थेची लाज आहे.

माझी मागणी साधी आहे. जाहिरातीसोबत, वर दिले तसे एक सोडवलेले उदाहरण गृह विभागाने छापावे आणि ते सर्व घटकांना बंधनकारक असावे. तात्पुरत्या यादीत प्रत्येक नावासमोर गुण, तो उमेदवार कोणत्या जागेवर आणि कोणत्या समांतर आरक्षणातून घेतला हे लिहावे. महिलेची किंवा खेळाडूची जागा रिकामी राहून त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्याला दिली असेल तर तसे नमूद करावे. अशाने हरकतींचा पाऊस पडेल, असे अधिकारी म्हणतात. पडू द्या. यादीच्या टप्प्यावर आलेली हरकत त्याच कार्यालयात, एका फाईलवर निकाली निघते. तीच पुढे गेली की गडचिरोलीच्या मुलीला नागपूरच्या खंडपीठापर्यंत खेटे घालावे लागतात, आणि वकिलाची फी शेतमजूर बापाच्या खिशातून जाते.

मॅटनेही भरतीची प्रकरणे वेगळी काढून तुकडी प्रशिक्षणाला जाण्याआधी ऐकावीत. त्यासाठी रिक्त सदस्यपदे वेळेवर भरणे सरकारच्या हातात आहे. आणि जो उमेदवार खटला जिंकेल पण तोवर वयाची मर्यादा ओलांडून बसलेला असेल, त्याचे वय अर्जाच्या तारखेचे धरावे व सेवाज्येष्ठताही मूळ तुकडीची द्यावी, अशी तरतूद सेवाप्रवेश नियमातच असावी. आज ती प्रत्येकाला स्वतंत्रपणे मागून घ्यावी लागते.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी, पोलीस आस्थापना शाखा