आल्कमिनबद्दल विचारलंस म्हणून

साओ पावलो

प्रिय सुहास,

दिल्लीत आलेल्या ब्राझीलच्या उपराष्ट्राध्यक्षांचा फोटो धाडून तू विचारलंस, "हा शांत गृहस्थ कोण?" दोन ओळींत आटोपण्यासारखं प्रकरण नाही, म्हणून पत्रच लिहितोय.

जेराल्दो आल्कमिन. आमच्याच राज्यातल्या पिंदामोन्यांगाबाचा (हे नाव न अडखळता म्हणून दाखव, जेवण माझ्याकडून). पेशाने भूलतज्ज्ञ, म्हणजे विरोधकांची आयतीच सोय. वैद्यकीचं शिक्षण चालू असतानाच नगरसेवक झाला, १९७७ मध्ये पंचविशीच्या आत नगराध्यक्ष. पुढे आमदार, खासदार. १९८८ची राज्यघटना ज्या सभेत लिहिली गेली तिथेही तो होता.

इथले गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखे वरून नेमलेले नसतात. लोक त्यांना थेट निवडून देतात आणि राज्याचा कारभार तेच चालवतात. मारियो कोव्हास गव्हर्नर असताना आल्कमिन त्यांचा उप होता. २००१ मध्ये कोव्हास वारले आणि खुर्ची याच्याकडे आली. २००६ पर्यंत, मग पुन्हा २०११ ते २०१८. साडेचार कोटींच्या आसपास वस्तीचं राज्य इतकी वर्षं सांभाळूनही लोकांनी नाव काय ठेवलं, तर 'शुशूची आइसकँडी'. शुशू ही दुधीसारखी पाणचट फळभाजी.

कारभार मात्र तेवढा मवाळ नव्हता. २०१४ मध्ये कांतारेरा धरणांचं पाणी इतकं खाली गेलं की तळाचा साठा पंपाने उपसावा लागला. नळाचा दाब कमी केल्यामुळे कितीतरी घरांत रात्री थेंब येत नसे, पण पाणीकपात आहे हे काही साहेब कबूल करेनात. आणि गंमत बघ, त्याच वर्षी पहिल्याच फेरीत पुन्हा निवडून आले! पुढच्या वर्षी ९०हून अधिक शाळा बंद करायचा घाट घातला, तेव्हा मुलांनी शाळाच ताब्यात घेतल्या. आत राहिली, स्वयंपाक केला, झाडलोट केली. रस्त्यावर उतरलेल्यांवर पोलीस घातले, तरी मुलं हटली नाहीत. शेवटी योजना स्थगित झाली आणि शिक्षणमंत्र्याला जावं लागलं. मला विचारशील तर त्याच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात वाईट डाग.

राष्ट्राध्यक्षपदासाठी दोनदा उभा राहिला. २००६ मध्ये तेव्हाचा डावा राष्ट्राध्यक्ष लुला याच्याविरुद्ध पहिल्या फेरीत जवळपास ४ कोटी मतं मिळवली आणि दुसऱ्या फेरीत पावणेचार कोटींवर घसरला. उमेदवार दोनच उरले असताना मतं कमी होणं हे कसब सोपं नाही! सरकारी कंपन्या विकणार असा आरोप होऊ लागला, तर पठ्ठ्याने त्याच कंपन्यांची बोधचिन्हं लावलेलं जाकीट अंगावर चढवलं. २०१८ मध्ये टीव्हीवर प्रचाराला सगळ्यात जास्त वेळ याच्या वाट्याला होता आणि मतं पडली ४.७६ टक्के. शिवाय ज्या जुआंव दोरियाला त्यानेच राजकारणात पुढे आणलं, त्याने पक्षात त्यालाच बाजूला सारलं.

इथवर कुणीही म्हणालं असतं, संपला. २०१७ मध्ये याच माणसाने लुलाबद्दल म्हटलं होतं, की त्याला गुन्ह्याच्या जागी (म्हणजे सत्तेत) परत जायचंय. २०२१च्या डिसेंबरात त्याने ३३ वर्षांचा पक्ष सोडला, आणि २०२२ मध्ये त्याच लुलाचा उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार!

तू लगेच म्हणशील, आयाराम-गयाराम. मलाही आधी तेच वाटलं होतं. पण समोर कट्टर उजवे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो होते आणि निकाल लागला ५०.९० विरुद्ध ४९.१०. इतक्या थोडक्यात सुटलेल्या निवडणुकीत, लुलाचं नाव काढताच दचकणाऱ्या व्यापारी, मध्यमवर्गीय मंडळींना धीर द्यायला असाच बेचव माणूस हवा होता. आता, त्याने मतं किती आणली हा वादाचाच मुद्दा आहे, कारण त्याचं स्वतःचं साओ पावलो बोल्सोनारोंच्याच मागे गेलं. मला वाटतं, मतांपेक्षा त्याची पत कामी आली.

२०२३ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाबरोबर उद्योग आणि व्यापार खातंही त्याच्याकडे आलं. २०२५ मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या बऱ्याच मालावर ५० टक्के शुल्क लादलं, तेव्हा वाटाघाटींना लुलाने यालाच पुढे केलं. न चिडता तासन्‌तास बोलू शकणारा माणूस आहे; लुलाला ते जमलं नसतं. नोव्हेंबरात कॉफी आणि गोमांसावरचं जादा शुल्क उठलं. त्याचं श्रेय कुणाचं यावर आमच्या ऑफिसात अजून भांडणं चालतात.

काकूंना नमस्कार. पुढच्या पत्रात तुझ्या बदलीचं काय झालं ते लिही.

तुझा,
मिलिंद