प्रिन्सची सावली

सांगली
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

परवा चिरंजीवांनी लॅपटॉपवर ब्राउझरमध्येच प्रिन्स ऑफ पर्शिया, आपला तो जुना गेम, लावून दिला. डिस्क नाही, इन्स्टॉल करणं नाही, नुसता पत्ता टाकला आणि सुरू! दार वर जातानाचा तो आवाज ऐकला आणि मी एकदम आपल्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात चपला काढून उभा.

१९९५चं ते वर्ष. आठवड्यातून एक तास प्रॅक्टिकल, एका कॉम्प्युटरला दोघं. बेसिकचा प्रोग्राम दहा मिनिटांत उरकायचा आणि तू खिशातून फ्लॉपी काढायचास. अख्खा प्रिन्स त्या १.४४ एमबीत मावायचा! राजकन्येला सोडवायलाही साठच मिनिटं होती, आणि आपल्याकडे त्यातली जेमतेम पन्नास. कीबोर्डवरचे बाण तुझ्याकडे, शिफ्टचं बटण माझ्याकडे. ढिली फरशी हलली की तू "पळ" म्हणायचास आणि मी श्वास रोखायचो. घरी आल्यावर वहीत नकाशे काढायचे, कुठे सुरे, कुठे दार, कुठल्या बाटलीत विष. त्या नकाशांइतकं मन लावून मी भूगोलाचे कधी काढले नाहीत.

आता खरं सांगायचं ते. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की आपलीच सावली बाहेर पडायची, आठवतं? पुढे आपलं औषध पिऊन टाकायची, तोंडावर दार बंद करायची. ती का होती, हे मला आत्ता कळलं. जॉर्डन मेकनरने हा गेम अ‍ॅपल टू या जुन्या कॉम्प्युटरवर लिहिला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेका चौकटीवरून प्रिन्स उतरवून घेतला. म्हणून तो कठड्याला लटकला की आपल्याच हाताला रग लागायची! पण या सगळ्या चित्रांनी मेमरी भरून गेली, शत्रूची वेगळी चित्रं ठेवायला जागा उरली नाही. मग त्याने प्रिन्सचीच चित्रं एक पिक्सेल सरकवून मूळ चित्रांशी एक्सॉर केली, म्हणजे दोन्हींत जुळणारे ठिपके गाळून फक्त वेगळे पडणारे ठेवले, आणि त्यातून ती लुकलुकणारी आकृती निघाली. जागा नव्हती म्हणून सावली जन्माला आली रे! हे वाचल्यापासून मला राहवत नाहीये.

कारण बाराव्या लेव्हलला आपण तिथेच अडकलो होतो. तिला वार केला की आपलाच प्राण कमी. किती आठवडे गेले! शेवटी तूच म्हणालास, "मारायचंच कशाला?" खालचा बाण दाबलास. तलवार म्यान. तिनेही म्यान केली. दोघं चालत आले, एकमेकांत शिरले, पडदा लखलखला. आणि पुढे, जिथे नुसती पोकळी होती तिथे, पाऊल टाकावं तशी पायाखाली फरशी उमटत गेली. आपण ओरडलो म्हणून सर धावत आले. पुढच्या आठवड्यात हार्ड डिस्कवरचा गेम पुसलेला होता, पण तुझी फ्लॉपी होतीच.

ही चिठ्ठी मी बोलून लिहितोय. मी 'ळ' म्हणतो आणि फोन 'ळ'च उमटवतो, त्याचं मला अजून नवल वाटतं. कोपऱ्यावरच्या टपरीत चहाचे दहा रुपये पाठवले की डबडं मराठीत "दहा रुपये प्राप्त झाले" म्हणतं. मी तेवढं ऐकून मगच कप उचलतो. बटण दाबावं आणि यंत्राने ओ द्यावी, यातली मजा माझ्यासाठी तिळभर कमी झालेली नाही. आयुष्यभर संगणकातच काम केलं, ते त्या मजेपायीच.

चिरंजीव आज बाराव्या लेव्हलला पोचले. सावलीला वार केले आणि दोनदा मेले. मला विचारलं, "बाबा, हिला मारायचं कसं?" मी काही सांगितलं नाही. तोंडाशी आलेलं गिळून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. इतका वेळ गप्प बसणं मला जमलं, हे वहिनींना सांग, त्यांचा विश्वास बसणार नाही.

दिवाळीत येशील तेव्हा नकाशांची ती वही शोधून घेऊन ये. शेवटची तुझ्याकडेच होती, निळ्या पुठ्ठ्याची.

तुझा,
पक्या