टँकचं बिल आणि बाबांची वही

पुणे, २२ जून

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मे महिन्याचं बिल फ्रिजवर चिकटवून ठेवलं ही माझीच चूक. तुम्ही चष्मा लावलात, ३८२ युनिट वाचलंत आणि चहा होईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मग म्हणालात, "मासे पोसतेस की वीज मंडळ?" मी चिडले, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्हाला आकडे कागदावर लागतात, आणि आई मध्येच फोन घेऊन जेवलीस का ते विचारते.

तुम्ही मालवणला परतलात त्याच आठवड्यात मी प्लगला लावायचं एक छोटं वीजमीटर मागवलं. मासे आणि प्रवाळं ठेवलेल्या माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकचं एकेक उपकरण त्याला लावून दिवसभर मोजलं. तुमच्यासारखी वही केली आहे, फक्त अक्षर तुमच्यासारखं नाही.

तुम्ही बोट ठेवलं होतं तो निळा दिवा निर्दोष निघाला. ५० वॅटचा आहे, रोज ९ तास लागतो, महिन्याला साडेतेरा युनिट. पाणी फिरवणारा पंप जेमतेम २८ वॅटचा, पण रात्रंदिवस चालतो, म्हणून २० युनिट खातो. लाटा करणारा छोटा पंप आणि फेसातून घाण काढणारा स्किमर, दोघांचे मिळून साडेआठ. झाले ४२.

आणि चिलर? एकटा ७५!

तो खालच्या कपाटात होता, म्हणून तुम्हाला दिसला नाही. चालू असतो तेव्हा १८० वॅट घेतो आणि मे महिन्यात दिवसाचे १४ तास चालू होता. तसा तो फ्रिजचाच भाऊ, पाण्यातली उष्णता काढून मागच्या जाळीतून खोलीत सोडतो. मी शहाणीने त्याला कपाटात कोंडून दार लावलं होतं, आवाज नको म्हणून. स्वतःच सोडलेली गरम हवा तो परत ओढत होता. शिवाय मी पाणी २५ अंशांवर ठेवायचा हट्ट धरला होता आणि बाहेर पुण्यात ३९. पंपांची वीजही शेवटी पाण्यात उष्णता होऊनच उतरते. म्हणजे आधी पंपाचे पैसे भरायचे, मग त्याची उष्णता काढायला चिलरचे.

वीजदराच्या टप्प्यांच्या, म्हणजे स्लॅबच्या बाबतीत मात्र तुमचं थोडं चुकलं. ३०० ओलांडले की सगळं बिल वरच्या दराने लागत नाही, ३०० च्या वरच्या युनिटांनाच तो दर. पण टँकचे युनिट घरच्या २६५ युनिटांच्या डोक्यावर येऊन बसतात, त्यामुळे ११७ पैकी ८२ महागाच्या दरात गेले. तेव्हा बिलाला युनिटने भागून निघणारा सरासरी दर टँकला लावणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. मी हिशेबाला सरसकट १५ रुपये धरले. मे महिन्यात टँकने १,७५५ रुपये खाल्ले. हा आकडा आईला सांगू नका, तिला टँकसाठी घेतलेल्या मिठाचाच धक्का अजून पचलेला नाही. (आई, तुझं ते "दारात दर्यो असताना तू मीठ इकत घेतंस?" मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.)

आता केलं काय, तर माठ केला. खरंच! टँकवरची काच काढून तिथे जाळी टाकली आणि पाण्यावर तिरके वारा मारणारे दोन छोटे पंखे बसवले. दोन्ही मिळून ६ वॅट. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट इतकी उष्णता निघून जाते, आणि माझं दिवसाला दोनेक लिटर उडतं. तेवढं आरओचं गोडं पाणी रोज भरते. मीठ उडत नाही, त्यामुळे खारं भरायचं नसतं. हे पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात जमलं. तुमच्याकडच्या दमट हवेत माठ जसा नावापुरता गार होतो, तसंच तिथे याचं झालं असतं. चिलर कपाटाबाहेर काढून भिंतीपासून हातभर लांब ठेवला आहे आणि २७ वर लावला आहे. पाऊस लागल्यापासून तो एकदाही सुरू झालेला नाही. आता टँकचे महिन्याला ४६ युनिट होतील, ६९० रुपये.

पंप बदलला तर अजून ९ युनिट वाचतील, पण कमी वॅटचा पंप पाच हजारांच्या घरात जातो. तो खर्च फिटायला तीन वर्षं लागतील, म्हणून नाही घेतला. तुम्हीही नसता घेतला.

चिलर विकून टाक म्हणाल, तर ते मात्र नाही करणार. प्रवाळाच्या अंगातच एक सूक्ष्म शेवाळ राहतं आणि त्याचं बरंचसं अन्न तेच बनवतं. पाणी फार दिवस तापलं की प्रवाळ त्याला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली अख्खे पट्टे असे पांढरे पडले. माझ्या ९० लिटरांना तापायला एक दुपार पुरते.

तुम्ही हळूच विचारलं होतंत, किल्ल्याजवळच्या पाण्यातून तर काही आणलं नाहीस ना. नाही हो. दगडासारखी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. माझ्याकडे आहेत ती मऊ, बटणांसारखी आणि अळंबीसारखी, एका मैत्रिणीने तिच्या टँकमधून काढून दिलेली. त्यांना प्रकाशही कमी लागतो, नाहीतर दिव्याचं बिल दुप्पट झालं असतं.

आणि त्या रात्रीचं. झोपताना सगळी बटणं बंद करत फिरायची तुमची सवय मला माहीत असायला हवी होती. तीन वाजता घरात एकदम शांत वाटलं म्हणून जाग आली. दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होते. पंप थांबला की प्राणवायू संपत जातो, म्हणून ते एक बटण कायम चालू. आता त्यावर चिकटपट्टी लावली आहे. तुम्ही सकाळी किती वेळ टँकसमोर खुर्ची टाकून बसला होतात, तेही मी पाहिलं. काही बोलले नाही.

चतुर्थीला येते. चार दिवस टँक मैत्रिणीच्या ताब्यात. येताना मीटर घेऊन येते, कारण तुमचा फ्रिज रात्रभर ज्या आवाजात घुरतो त्यावरून मला दाट संशय आहे. माझ्या टँकच्या ४६ पेक्षा त्याचे युनिट जास्त निघाले तर नवा फ्रिज माझ्याकडून, आणि वहीत ते तुमच्या अक्षरात लिहायचं.

तुमची,
बाय