नुसतं ‘थायरॉईड’ लिहू नका, कुठला ते लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी पुरवणीत थायरॉईडवरचा लेख वाचला, लिहिलेला बरा होता पण लक्षणांच्या यादीत वजन वाढणं, वजन उतरणं, थंडी वाजणं, घाम फुटणं सगळं एकाच ओळीत कोंबलंय, मग वाचणाऱ्याने समजायचं काय? माझं वेंगुर्ला तालुक्यात मेडिकल आहे, असं काही छापून आलं की सोमवारी काउंटरवर निस्तरायला मीच असतो, म्हणून लिहितोय.

बाई येते आणि सांगते, ‘माका थायरॉईड आसा, शेजारीण घेता ती पन्नासची गोळी दी.’ अहो थायरॉईड सगळ्यांनाच असतो, गळ्यातली ग्रंथी ती! आजार आहेत ते दोन उलट टोकांचे. हायपो म्हणजे ग्रंथी मंदावली, मग अंग जड, बद्धकोष्ठ, केस गळणं, थंडी सोसत नाही. हायपर म्हणजे ती सुसाट सुटली, मग छातीत धडधड, हात थरथरतात, खाऊनही माणूस सुकत जातो. शेजारीण हायपोसाठी थायरॉक्सिन, म्हणजे ग्रंथीचं कमी पडलेलं हार्मोन भरून काढणारी गोळी, घेतेय आणि हिला असला हायपर, तर ती गोळी घेऊन हिची धडधड अजून वाढणार. हायपरला बहुतेक वेळा कार्बिमॅझोल देतात, आणि ती चालू असताना घसा दुखून ताप आला तर घरी काढा पीत बसायचं नसतं, लगेच डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासायचं कारण पांढऱ्या पेशी एकदम कमी होऊ शकतात, हे तुमच्या लेखात कुठेच नव्हतं.

दुसरा घोळ रिपोर्टचा. टीएसएच नऊ आला की लोक म्हणतात थायरॉईड वाढला. टीएसएच मुळात थायरॉईडचा नाहीच, तो मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा, थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन. बागेतला गडी ढिला पडला की बागायतदाराचा आवाज चढतो, तसा थायरॉईड मंदावला की टीएसएच चढतो. म्हणून आकडा वर म्हणजे बहुतेक वेळा काम कमी. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून मग टेस्ट करायची, आमच्याकडे पंधराव्या दिवशीच लॅबमध्ये जाऊन येतात आणि आकडा हलला नाही म्हणून गोळीच बंद करतात.

नावांचीही भीती फार. फाईलवर ‘ग्रेव्ह्ज’ वाचून एक मुंबईचे चाकरमानी आईसाठी हादरले होते, इंग्रजी येत असल्याचा तोटा, ग्रेव्ह म्हणजे थडगं ना! ग्रेव्ह्ज हे डब्लिनच्या डॉक्टरचं नाव, त्याने 1835 साली हा आजार लिहून ठेवला. हाशिमोटो जपानी डॉक्टर, 1912 चा. दोन्हीत आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते, ग्रेव्ह्जमध्ये ग्रंथी सुसाट सुटते, हाशिमोटोत हळूहळू मंदावते.

आणि थायरॉईडला आयोडीन लागतं, म्हणून मिठाचं एकदा स्पष्ट लिहाच. शिरोड्याच्या मिठागराचं जाडं मीठ इकडे कित्येक घरांत असतं, लोणच्याला, मासे खारवायला खुशाल वापरा, पण समुद्राचं आहे म्हणून त्यात आयोडीन आहे असं नाही, ते नावालाच असतं. खायला विकायच्या मिठात आयोडीन हवंच असा नियम देशभर 2006 पासून परत लागू आहे. आम्ही मासे खातो, आम्हाला कसा थायरॉईड, हा प्रश्न तर रोजचा. हाशिमोटोला मासे काय करणार? उलट आयोडीनच्या गोळ्या मनाने घेतल्या तर तो बिघडूही शकतो.

थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, अर्धा-एक तास चहासुद्धा नाही, कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तासांनी, एवढं चौकटीत छापलं असतं तरी चाललं असतं. हार्मोनचा स्पेशालिस्ट दाखवायचा तर इकडची माणसं गोव्यातलं बांबोळी नाहीतर कोल्हापूर गाठतात, गाडीभाडं घालून तिथे पाच मिनिटं मिळतात, बाकीचं ज्ञान पेपरातनंच येतं.

पुढच्या वेळी हायपो आणि हायपर अशा दोन वेगळ्या याद्या द्या. कात्रण काउंटरच्या काचेवर लावायला जागा ठेवतोय.

आपला,
एक मेडिकलवाला, ता. वेंगुर्ला