ती ट्यूब आजपासून बंद

ती. आई-बाबांना सा. न.

काल व्हिडिओ कॉलवर बाबांनी बनियन वर करून कंबर दाखवली, तेव्हापासून मला चैन नाही. करदोड्याच्या रेषेवर तळहाताएवढा चट्टा, कडेला बारीक लाल पुटकुळ्या, मधली कातडी पातळ, चकचकीत. बाबा, हा नायटाच, म्हणजे बुरशीचा आजार. दुकानातून आणलेली ट्यूब लावली की तासाभरात खाज थांबते, म्हणून तुम्हाला ती गुणकारी वाटते. तिच्यावर क्लोबेटासोल लिहिलंय, मी वाचलं. ते स्टेरॉइड आहे. खाज दबते, लाली दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. रुपयाएवढा डाग दोन महिन्यांत एवढा पसरला तो त्यामुळेच. बंद केल्यावर चार दिवस खाज उसळेल, तरी पुन्हा तिला हात लावू नका. करदोडाही काढा. तो घामाने सदा ओला असतो.

आई, टाकळ्याची भाजी खुशाल कर, पण पाला वाटून बाबांच्या कंबरेला लावू नकोस. आजी लावायची, संस्कृतात त्याला दद्रुघ्न म्हणतात, सगळं खरं. पण हल्लीचा नायटा फार चिवट झालाय. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी आपल्याकडे पसरली आहे, टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्यांनाही ती बऱ्याचदा दाद देत नाही. आणि तुलाही परकराच्या नाडीखाली खाजतं, हे मला मावशीकडून कळलं. लाजू नकोस गं. एकट्या बाबांनी औषध घेतलं तर तुमचं एकमेकांना लागतच राहणार.

म्हणून चिपळूणला त्वचेच्या डॉक्टरांकडे दोघंही जा. ते कडेची खपली खरवडून तपासतील. बाबा, तुमच्या कोलेस्ट्रॉलच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध द्यायचं ठरलं तर त्यांना ते कळायलाच हवं, तसल्या बऱ्याच गोळ्यांशी ते जुळत नाही. आई, तुझी साखरही सांग. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं आणि डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवायचं. गेल्या वर्षी तुम्ही आठ दिवसांत सोडलंत, आठवतंय ना?

पंचे वेगळे ठेवा. पडवीत कपडे दमटच राहतात, आतले कपडे उलटे करून इस्त्री फिरवा. मी शनिवारच्या रातराणीने निघते, येताना सुती पंचे आणते. तुमचा निळ्या काठाचा, आईचा हिरव्या.

तुमची,
ताई