हॉलमधल्या टीव्हीबद्दल, आई-बाबांना

आई-बाबा,

फोनवर टीव्हीचा विषय काढला की बाबा "बघू नंतर" म्हणून फोन आईच्या हातात देतात आणि आई मला पोरांच्या परीक्षांचं विचारायला लागते, म्हणून सगळं टाइप करूनच पाठवतेय. लांब झालंय. बाबा, तुम्हीच आईला वाचून दाखवा, तिला मोबाइलवरचं बारीक अक्षर लागत नाही, आणि हे पत्रसुद्धा तिच्या डोळ्यांसाठीच आहे.

हॉलमध्ये 55 इंची टीव्ही लावायचा, पैसे मी देणार, एवढंच मी दिवाळीत म्हणाले होते. तुम्ही म्हणालात की आपल्या घराला ते शोभत नाही, लोक म्हणतील प्रोफेसरांनी थिएटर उघडलं. आणि मग ते दुसरं वाक्य, की आजकाल तर पोळ्या करायला येणाऱ्यांच्या घरीही भिंतभर टीव्ही असतो. आपल्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी तेव्हा ओट्यापाशी होत्या बाबा. त्यांनी ऐकलं. मला त्या वाक्याबद्दल बोलायचंच आहे, पण आधी आईचं.

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, पण पडदा दोन्ही डोळ्यांचा वयामुळे खराब होतोय, डाव्याचा जास्त, आणि तिथे चष्म्याचा नंबर बदलून काही फरक पडत नाही, हे डॉक्टरांनी आपल्या तिघांसमोर सांगितलंय. अशा वेळी जे बघायचंय ते मोठं करणं हा मोठा उपाय असतो. मॅच चालू असली की आई सोफ्यावरून उठते, टीव्हीपाशी जाऊन स्कोअर वाचते आणि परत येऊन बसते, आणि हे इतकं सवयीचं झालंय की तुम्हाला आता ते दिसतही नाही. बॉल तिला दिसतच नाही, ती तुमच्या तोंडाकडे बघून ओळखते चौकार गेला की विकेट गेली. नवरात्रात यूट्यूबवर गरबा लाइव्ह लावला तर तिला नुसते रंग फिरताना दिसतात. ज्या बाईने आयुष्यभर गरब्याच्या ग्राउंडवर रात्री बारा-बारापर्यंत उभं राहून आम्हाला नाचताना बघितलं तिला आता घरबसल्याही ते नीट बघता येत नाही, आणि आपण कशासाठी अडलोय तर शोभेसाठी!

तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत म्हणून हिशोबही देते. सोफ्यापासून भिंत साधारण दहा फूट. आपला 32 इंची टीव्ही साधारण 71 सेंटीमीटर रुंद, म्हणजे डोळ्यापाशी होणारा कोन 13 अंश. 55 इंची साधारण 122 सेंटीमीटर, कोन 23 अंशांच्या आत. आरामात बघायला 30 अंशांच्या आसपासचा कोन चांगला मानतात, त्या हिशोबाने दहा फुटांवरून 74-75 इंची लागेल! तेव्हा मी मागतेय तो काही अवाढव्य नाही, पाहिजे त्यापेक्षा कमीच आहे, पण चित्राचं क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट होतं आणि आईसाठी तेवढ्याने खूप बदलेल. तुमच्यासाठीही. खाली अक्षरं येतात ती वाचता आली तर आवाज इतका वाढवावा लागणार नाही, आत्ता तुम्ही बातम्या लावल्या की आई उठून आतल्या खोलीत जाते.

आता ते वाक्य.

मावशींच्या घरी मी गेलेय, त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याच्या वेळी. दोन खोल्या आणि पाच माणसं, त्यातली सासू अंथरुणाला खिळलेली. टीव्ही त्यांनी हप्त्यावर घेतला आणि सगळे हप्ते फेडले. त्यांच्या घरच्यांना मल्टिप्लेक्स परवडत नाही, पाच तिकिटं आणि रिक्षाचं भाडं म्हणजे कितीतरी दिवसांची कमाई. बाग नाही, गॅलरी नाही, उन्हाळ्यात महाबळेश्वर नाही. मुलगा त्याच टीव्हीवर यूट्यूब लावून बारावीचं फिजिक्स करतो कारण घरात एकच धड मोबाइल आणि तो वडील कामावर घेऊन जातात. म्हणजे करमणूक, क्लास आणि आजारी सासूचा विरंगुळा, सगळं त्या एका वस्तूत बसवलंय त्या बाईने. यापेक्षा विचार करून केलेला खर्च मला तरी आपल्या नात्यात कुठे दिसत नाही. आणि आपण म्हणतो यांना पैशाची किंमत नाही!

तिकडे अलकापुरीतल्या काकांनी वरच्या मजल्यावर वेगळी खोली काढून प्रोजेक्टर लावला, 100 इंची पडदा, रिक्लायनर खुर्च्या, तेव्हा तुम्हीच घरी येऊन म्हणालात, काय हौस आहे माणसाला, टेस्ट आहे. मोठा पडदा दोन्हीकडे आहे. बंगल्यात असला की हौस, दोन खोल्यांत असला की उधळेपणा, आणि आपल्यासारख्या मधल्यांना दोन्हीकडून वेगळं दिसायचं असतं म्हणून आपण लहान टीव्ही ठेवतो आणि त्याला साधेपणा म्हणतो. हे मला फार दिवस खुपतंय बाबा. तुम्ही साधे आहात, त्याबद्दल मला जन्मभर आदर वाटलाय, तुम्ही रिटायर होईपर्यंत सायकलवर युनिव्हर्सिटीत जायचात. पण त्या साधेपणाने कधी कुणाला कमी लेखलं नव्हतं.

आणि ही वृत्ती नुसती आपल्याच घरात नाही, सरकारच्या हिशोबातही होती. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी 32 इंचांपर्यंतच्या टीव्हीला 18 टक्के जीएसटी आणि त्याच्या वरच्याला 28 टक्के, एसी आणि डिशवॉशरच्या रांगेत. आता सगळ्यांना 18. तुमचा टीव्ही बरोबर त्या जुन्या रेषेवर आहे. एसी मात्र आपण बेडरूममध्ये लावला, कारण बडोद्याचा मे महिना सहन होत नाही, आणि तेव्हा लोक काय म्हणतील हे कुणी विचारलं नाही.

मला दांडिया बाजारच्या वाड्यातला तो शटरवाला टीव्हीही आठवतो. 1987 ला रामायण सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी सगळी गल्ली आपल्याकडे. पण बसायची जागा ठरलेली असायची ना? नातेवाईक आणि तुमचे मित्र खुर्च्यांवर, शेजारपाजारची मुलं सतरंजीवर, आणि इस्त्रीवाल्याचं कुटुंब ओट्यावर, दारातून जेवढं दिसेल तेवढं. आजी सगळ्यांना प्रसादाचा शिरा द्यायची, कुणाला हाकलायची नाही, मन मोठंच होतं तिचं. तरी ओट्यावरची माणसं दीड वर्षात कधी आत आली नाहीत आणि आपणही कधी या म्हटलं नाही. त्या वेळी टीव्ही ही आपल्याकडे असलेली आणि त्यांच्याकडे नसलेली वस्तू होती, तेव्हा तिचं आपल्याला कौतुक होतं, त्यावर क्रोशाचं कव्हर घालायचो. आज त्यांच्याकडे आपल्यापेक्षा मोठा आला तर टीव्हीच वाईट झाला?

खरं तर आपल्या गुजरातेत टीव्हीची सुरुवात दिवाणखान्यांसाठी झालीच नाही, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलंय. 1975 मध्ये नडियादजवळ पीजला ट्रान्समीटर बसला, इस्रोचा प्रयोग, आणि खेडा जिल्ह्यातल्या गावांत लोकांनी एकत्र बसून बघायचे टीव्ही ठेवले. शेती, आरोग्य, गावातल्या सावकाराने किंवा जमीनदाराने केलेला अन्याय, असे कार्यक्रम गावातल्या माणसांच्या बोलीत. पहिला मान त्यांचा होता.

तुम्ही म्हणता आपण पुस्तकांची माणसं, सयाजीराव महाराजांच्या लायब्ररीत वाढलेली. मान्य, मलाही तुम्ही बोट धरून मांडवीला सेंट्रल लायब्ररीत नेलंत, ते काचेच्या फरशीचे मजले बघून मी घाबरले होते. पण महाराजांनी अमेरिकेतून बोर्डन नावाच्या लायब्ररीतज्ज्ञ साहेबांना बोलावून 1910 मध्ये लायब्ररी खातं उभं केलं त्या खात्याचीच एक शाखा गावोगाव सिनेमाची मशिन्स आणि चित्रं घेऊन फिरायची, ज्यांना वाचता येत नाही त्यांना फुकट दाखवायला. पुस्तकांच्या पेट्या आणि पडद्यावरची चित्रं एकाच खात्यातून जायची. महाराजांना त्यात काही कमीपणा वाटला नाही. आपल्याला का वाटावा? पुस्तकांचं कपाट कुठेही हलवायचं नाहीये, टीव्ही समोरच्या भिंतीवर येईल, तुमचे ज्ञानकोशाचे खंड जिथे आहेत तिथेच राहतील.

तुमची एक शंका मला पटते. टीव्ही चालू असला की घरातलं बोलणं बंद होतं, जेवताना तर नकोच. पण बाबा, आत्ता तुमच्या घरी संध्याकाळी काय होतं? तुम्ही हॉलमध्ये तुमच्या मोबाइलवर, आई आत तिच्या मोबाइलवर डोळे ताणून नाट्यसंगीत शोधतेय. दोन छोट्या स्क्रीन आणि मध्ये भिंत. मोठ्यावर निदान दोघं एका सोफ्यावर बसाल, कुणाचं गाणं आणि कुठल्या साली ऐकलं यावर भांडाल. जेवायच्या वेळी बंद ठेवायचा नियम तुम्हीच करा, आम्ही आलो की आम्हीही पाळू.

जुना टीव्ही मावशींना देऊन टाकू असं आई म्हणाली होती. आई, अगं त्यांच्याकडे त्याहून मोठा आहे, नको विचारूस. तो तुमच्या बेडरूममध्ये लावू, नाहीतर बाबांच्या शाळेतल्या मित्रांच्या वाचनगटाला देऊ. आणि बाबा, मावशींशी एकदा बोला. मोठं काही म्हणायची गरज नाही, त्यांचा मुलगा फिजिक्सला अडतो म्हणत होत्या, तुमच्याकडे गणिताचा भाग तरी नक्की समजेल त्याला. रविवारी बोलवा. खुर्चीवर बसवा.

आता काम: सोफ्याच्या पाठीपासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप लावून नीट मोजा, आणि प्लगपॉइंट जमिनीपासून किती उंचीवर आहे त्याचा फोटो पाठवा. भिंत जुन्या विटांची आहे, ब्रॅकेट मारणाऱ्याला आधी दाखवायला लागेल. मी पुढच्या महिन्यात आईच्या डोळ्यांच्या तपासणीला येतेय, तेव्हाच बसवून घेऊ. आई, मधल्या काळात कुठल्याही एका डोळ्याने सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्या तर वाट बघू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर आणि मग मला.

तुमची,
धाकटी